बांद्र्याचं ड्राईव्ह-इन: तुमच्या आठवणी इथे सांगा

मागच्या आठवड्यात बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, एका सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा शेजारी बसलेल्या भाचीला म्हटलं, “इथे आम्ही गाडीत बसून सिनेमा बघायचो.” तिने विचारलं, “मोबाइलवर?” सिग्नल सुटेपर्यंत मला तिला काहीही नीट समजावता आलं नाही. म्हणून हा धागा.

१९७७ साली सुरू झालेलं बांद्रा पूर्वेचं ड्राईव्ह-इन थिएटर २००३ मध्ये बंद झालं. कलानगरवरून आत वळलं की पुढे अंधार, तिवरांचा आणि मिठी नदीचा वास, आणि मग एकदम तो पडदा. असं थिएटर उभं राहायला सपाट, मोकळी, अंधारी आणि तरी शहराला लागून असलेली जमीन लागते. तेव्हा ती तिथे होती. एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, १९७५ ला स्थापन झालं, वांद्रे-कुर्ला संकुलाचं काम त्याच्याकडे आलं, दलदल भरली गेली, बँका आल्या, शेअर बाजाराची इमारत आली. जमीन एवढी महागल्यावर रात्री काही तास गाड्या उभ्या करण्यासाठी ती रिकामी कोण ठेवणार? तिकडे केबल आली होती आणि २००१-०२ च्या सुमाराला मुंबईत मल्टिप्लेक्स उघडू लागली, पण माझ्या मते खरं कारण जमीनच. आज तिथे मेकर मॅक्सिटी हे ऑफिसांचं संकुल आहे. तिथल्या जिओ वर्ल्ड ड्राईव्ह या मॉलच्या गच्चीवर नोव्हेंबर २०२१ पासून पुन्हा ड्राईव्ह-इन सुरू झालं, २९० गाड्यांचं. म्हणजे जमिनीवरचा सिनेमा गच्चीवर गेला.

जुन्या थिएटरबद्दल मात्र लिहिलेलं फार कमी सापडतं. तुम्ही गेला असाल, तर कोणाबरोबर, कुठल्या गाडीतून, काय खाल्लंत, जे आठवेल ते लिहा. सिनेमाचं नाव नाही आठवलं तरी चालेल.

पार्लेकरीण

आमची क्रीम रंगाची फियाट होती. बाबांनी नंबर लावून कित्येक वर्षं वाट बघून घेतलेली. पण मला लिहायचंय ते आजीबद्दल.

आजी नाटक-सिनेमाची वेडी. गुडघ्याचं दुखणं सुरू झालं आणि पाय लांब केल्याशिवाय तिला बसताच येईना. थिएटरच्या खुर्चीत पाय लांब कुठे करणार? एकदा मध्यंतरातच उठून आली आणि म्हणाली, “आता मला नेऊ नका.” त्यानंतर दोन-तीन वर्षं ती सिनेमाला गेली नाही. आम्ही जाऊन आलो की रात्री आम्हाला समोर बसवून अख्खी गोष्ट ऐकायची. कपडे कसे होते, घर कसं होतं, सगळं विचारायची.

१९८१ मध्ये बाबांना कोणीतरी ड्राईव्ह-इनचं सुचवलं. मागची सीट आजीची. कोपऱ्यात उशी, उशीला पाठ, दुखरा पाय सीटवर लांब. पडदा तिला जरा तिरका दिसायचा, पण त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. आम्ही मुलं बाहेर सतरंजीवर, पुढच्या चाकाला टेकून. स्पीकर म्हणजे खांबावरचा तो जड डबा. काढून काचेच्या कडेला अडकवायचा. तो आजीच्या खिडकीला असायचा, त्यामुळे आम्ही सारखे ओरडायचो, “आजी, आवाज वाढव ना!” ती बटण फिरवायची आणि पुन्हा सिनेमाशी बोलायला लागायची. हो, ती बोलायची. “अरे, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, मेल्या!” थिएटरमध्ये मागचे लोक तिला गप्प करायचे. इथे कोण करणार?

पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं, थर्मासमध्ये कॉफी. निघायच्या आधी आई सगळ्यांच्या हातापायांना ओडोमॉस चोळायची. त्या वासाने मला आजही सिनेमा आठवतो.

आजी १९८८ मध्ये गेली. पुढच्या वर्षी आम्ही एकदाच गेलो. आता मागे जागा होती, तरी आम्ही भावंडं सवयीने बाहेरच बसलो. बाबांनी गाडी लावली, उतरले आणि स्पीकर मागच्या खिडकीला अडकवला. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो काढला नाही. आईनेही काही म्हटलं नाही.

ठाणेकर

आमची आठवण म्हणजे धक्का. रात्रीचा शेवटचा खेळ संपला की निम्म्या गाड्या सुटायच्या आणि आठ-दहा अडून बसायच्या. कोणी आतला दिवा चालू ठेवलेला, कोणाची बॅटरीच म्हातारी. मग शेजारच्या गाडीतले लोक न बोलावता उतरायचे. बायका मुलांना एका बाजूला घ्यायच्या, पुरुष मागे लागायचे, “सेकंड गिअर! सेकंडमध्ये टाका!” इंजिन फुरफुरलं की टाळ्या. १९८७ मध्ये माझ्या अँबॅसॅडरला धक्का देणाऱ्या एका गृहस्थांची पुढे माझ्याशी पंचवीस वर्षं मैत्री राहिली. सिनेमा कुठला होता ते आम्हा दोघांनाही सांगता यायचं नाही. बंद थिएटरातून बाहेर पडताना कोणाची ओळख झाल्याचं मला आठवत नाही.

खेरवाडीकर

मी कधीच आत गेलो नाही, तरी लिहितोय. चालेल ना?

आम्ही खेरवाडीच्या बाजूला सरकारी वसाहतीत राहायचो. वडील क्लार्क. महिन्या-दोन महिन्यांतून सिनेमाचं तिकीट परवडायचं, पण ड्राईव्ह-इनला आधी गाडी लागते. अख्ख्या इमारतीत एकाकडे स्कूटर होती, तीही नंबर लावून मिळालेली.

रात्री गच्चीवर झोपायचो. आमच्या गच्चीवरून पडदा दिसायचा नाही, त्यावरून परतणारा उजेड तेवढा दिसायचा. आभाळाच्या एका कोपऱ्यात रंग हलत राहायचे. त्यावरून आम्ही पोरं गोष्ट रचायचो. उजेड भराभर उडायला लागला की मारामारी, सावकाश बदलणारा पिवळा-गुलाबी म्हणजे गाणं, आणि बराच वेळ निळाच राहिला की कोणीतरी मेलं किंवा रात्र झाली. वारा आमच्याकडे असला की सगळ्या गाड्यांच्या स्पीकरांचा मिळून एक गुंजारव यायचा. शब्द नाहीत, नुसता सूर. लांबच्या देवळात भजन चालल्यासारखा. माझ्या धाकट्या भावाला त्याशिवाय झोप लागायची नाही.

एक गोष्ट अजून कळलेली नाही. कधीकधी सगळे रंग जाऊन तो कोपरा एकदम पांढराफटक व्हायचा आणि लगेच शेकडो हॉर्न वाजायचे. आम्ही ठरवलं होतं की हीरो जिंकला, म्हणून लोक आनंदाने हॉर्न वाजवतायत. आम्हीही गच्चीवर उड्या मारायचो. ते नेमकं काय असायचं, कोणी सांगेल का?

मणिनगरकर

मुंबईचं गेलं, अहमदाबादचं अजून आहे. सनसेट ड्राईव्ह-इन १९७३ चं, म्हणजे बांद्र्याच्या चार वर्षं आधीचं. सुरू झालं तेव्हा ते गावाबाहेर मानत, आज भर शहरात आहे. त्या रस्त्याचं नावच ड्राईव्ह-इन रोड पडलं. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं. बांद्र्याच्या थिएटरच्या नावाने एखादा रस्ता तरी राहायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

नगरी

आमच्याकडे जत्रेतला तंबू. टुरिंग टॉकीज. मैदानात मधोमध पडदा, दोन्ही बाजूंनी माणसं, आणि मागच्या बाजूला बसणाऱ्याला सगळे डावरे दिसायचे. मुंबईला मामाकडे गेलो तेव्हा त्याने मोठ्या हौसेने आम्हाला ड्राईव्ह-इनला नेलं. मामाच्या गाडीत बसलो खरा, पण गर्दीचा धक्का नाही, धूळ नाही, शिट्टी वाजवली तर ऐकणारं कोणी नाही. मला करमेना. मध्यंतरात खाली उतरलो आणि पाहिलं, तर लोक टपावर बसलेत, डब्यांची देवघेव चाललीय, पोरं गाड्यांच्या रांगांमधून लपंडाव खेळतायत. तेव्हा म्हटलं, हां, ही आपलीच जत्रा आहे.

एडिसनवाला

मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. या प्रकाराचा जन्म इथलाच. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या गृहस्थाने घराच्या अंगणात झाडांना चादर बांधली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, पडद्यामागे रेडिओ. पावसात कसं दिसेल हे बघायला गाडीवर बागेचा फवारा सोडून बघितला! पुढच्या गाडीमुळे मागच्याला दिसत नाही, हे लक्षात आल्यावर त्याने पुढची चाकं वर उचलली जातील असे मातीचे उतार काढले आणि १९३३ च्या मे महिन्यात त्याचं पेटंट मिळवलं. ६ जून १९३३ ला कॅम्डेनजवळ पहिलं ड्राईव्ह-इन उघडलं. गाडीचे पंचवीस सेंट, शिवाय माणशी पंचवीस. आवाज तेव्हा पडद्याजवळच्या कर्ण्यांतून यायचा, त्यामुळे शेजारपाजारच्यांची झोप उडायची. प्रत्येक गाडीला वेगळा स्पीकर चाळीसच्या दशकात आला.

१९५८ च्या आसपास अमेरिकेत अशी चार हजारांवर थिएटरं होती. नंतर उतरती कळा लागली. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत देशभर पक्की झाली आणि अंधार पडायला नऊ वाजू लागले. लहान मुलांच्या आईबापांना ते जमेना. आणि जमीन. इथेही जमीनच. जिथे या थिएटरांचा जन्म झाला, त्या न्यू जर्सीत एक काळ असा आला की एकही ड्राईव्ह-इन उरलं नाही. मग व्हाइनलंडचं डेलसी, १९८७ ला बंद पडलेलं, २००४ मध्ये पुन्हा सुरू झालं.

गेल्या वर्षी आई-बाबा आले होते, त्यांना तिथे घेऊन गेलो. आवाज आता गाडीच्या रेडिओवर येतो. बाबा काच खाली करून बाहेर हात फिरवत होते. विचारलं तर म्हणाले, “खांब कुठाय?” माहीमहून आम्ही बांद्र्याला जायचो, तेव्हा स्पीकर काढायचं काम त्यांचं असायचं.

ऑपरेटरची मुलगी

खेरवाडीकर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे.

माझे वडील ऑपरेटर होते. प्रोजेक्शनिस्ट हा शब्द आमच्या घरात कोणी वापरला नाही. आधी दादरकडे दोन थिएटरांत काम केलं, मग ऐंशीच्या दशकात काही वर्षं बांद्र्याला. ते म्हणायचे, बंद थिएटरात सिनेमा तुमच्या ताब्यात असतो, इथे तो आभाळाच्या ताब्यात. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, जूनच्या सुरुवातीला सव्वासातला. पहिला खेळ लावायचा तो पंचांग बघून. पौर्णिमा त्यांना नको असायची. चांदणं पडद्यावर पडलं की काळा रंग काळा राहत नाही, राखाडी होतो, आणि रात्रीचे प्रसंग धुवून निघतात. तक्रार मात्र ऑपरेटरकडे येते.

पडदा अवाढव्य आणि प्रोजेक्टरपासून लांब, म्हणून उजेड प्रचंड लागायचा. त्यांनी बरीच वर्षं कार्बनवर काम केलं होतं. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगीचा झोत पेटतो, कांड्या जळत कमी होतात, अंतर सतत सांभाळावं लागतं. त्या झोताकडे काळ्या काचेतून बघायचं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. घरी आले की त्यांच्या शर्टाला जळका वास यायचा. आईला तो आवडायचा नाही, मला आवडायचा.

आता तो पांढरा उजेड. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. दोन मशिनं असतात. एकावरचं संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो. पहिला ठिपका आला की दुसरं मशिन सुरू, दुसऱ्या ठिपक्याला बदल. तो चुकला किंवा फिल्म तुटली की पडद्यावर नुसता पांढरा झोत पडतो. बंद थिएटरात अशा वेळी लोक शिट्ट्या मारतात. इथे सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवायच्या, दिवे मारायच्या. केबिनमध्ये वडील एकटे, हातात तुटलेली फिल्म, आणि बाहेर ते वादळ. जोड लावायला मिनिटभर तरी लागायचंच. ते म्हणायचे, “तेवढ्या मिनिटात मी दहा वर्षांनी म्हातारा व्हायचो.” रात्री दीडला घरी येऊन जेवायचे नाहीत, तेव्हा आई समजायची की आज फिल्म तुटली.

ते २०११ मध्ये गेले. त्या हॉर्नचा शेवटपर्यंत त्यांनी धसका घेतला होता. रस्त्यावर कोणी लांबवर हॉर्न वाजवत राहिलं तरी उठून खिडकी लावायचे.

खेरवाडीकर

ताई, वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. मग भावाला फोन करून सगळं वाचून दाखवलं.

तो म्हणाला, तुम्हाला एवढं नक्की कळवावं की त्या मिनिटाला आमच्या गच्चीवर अकरा पोरं उड्या मारत होती आणि टाळ्या वाजवत होती.