वॉरंटी गळ्यात मारतात म्हणे! राग दुकानातल्या पोरांवरच का?

काउंटरवाला_लातूर: परवा इथं एकानं लिहिलं, "शोरूमच्या पोरांना काही कळत नाही, फक्त एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारतात. बिघडलं की कंपनीकडं बोट." वाचून डोकंच फिरलं. मी विकतोही आणि तक्रारीही घेतो. वॉरंटीचं टार्गेट मालक लावतो, इन्सेंटिव्ह त्यावरच. सोयाबीनचे पैसे हातात आले की गर्दी, जेवायला उसंत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला एसी अन् मोठ्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. त्याआधी गिऱ्हाईक नुसतं भाव विचारून परत जायचं. टार्गेट एका पैशानं कमी झालं नाही.

परभणीची_लेक: दादा, टार्गेट तुमचं अन् भुर्दंड आमच्या आईला? फ्रिजसोबत वॉरंटी घ्यायला लावली. कॉम्प्रेसर गेला तर म्हणे व्होल्टेजनं गेला, वॉरंटीत बसत नाही. विकताना का नाही सांगितलं?

काउंटरवाला_लातूर: ताई, स्टॅबिलायझर घ्या म्हणलं की लोक म्हणतात, हेही खपवायलाच निघाला.

शेतकरी_बीड: सगळं दुखणं डीपीचं, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं आहे. न्यूट्रलची तार तुटली अन् आमच्या गल्लीतले टीव्ही, पंखे, चार्जर एका रात्रीत गेले. डीपी जळाला तर वर्गणी आमची, तो न्यायला-आणायला ट्रॅक्टर आमचा. त्यावर बोला की.

वायरमन_नांदेड: न्यूट्रल तुटल्यावर 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत घरात येऊ शकतात. हाय कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडायची सोय, नसलेला स्टॅबिलायझर तिथं काय करणार? अन् बऱ्याच टीव्हींवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असतं, त्यांना तो कशाला देता? एसी-फ्रिजला द्या. आधी अर्थिंग बघा, किती घरांत ते नावालाच आहे.

शेतकरी_बीड: अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं असतं ना? 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हंडा प्यायला ठेवू का खड्ड्यात रिचवू?

वायरमन_नांदेड: मोरीचं पाणी सोडा खड्ड्याकडं! शॉक बसल्यावर रडून काय उपयोग? लोकांचे जीव गेलेत यात.

शेतकरी_बीड: मोरीचं सोडता येईल, एवढं खरं. पण डीपीचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

परभणीची_लेक: आईचा फ्रिज राहिला बाजूला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेत्यावरही जबाबदारी आहे. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही. मी जाणार.

काउंटरवाला_लातूर: जा, पण मालकाला खेचा. वॉरंटीच्या अटी मराठीत छापा म्हणलं तर मला म्हणाला, "मग घेईल कोण?" दिवसभर शिव्या खायला मात्र मी उभा.

परभणीची_लेक: म्हणजे त्याला माहीत होतं! मग बिलावर एक ओळ लिहून द्या, व्होल्टेजनं जळालं तर भरपाई नाही. तेवढं केलंत तर तुमच्यावरचा राग सोडते. मालकावरचा नाही.