पट्टा फ्रेमबाहेर गेलाय का, ते आधी बघा

जुन्या ६×९ (सेंमी फ्रेमच्या) फोल्डिंग फिल्म कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवर काळा पट्टा येतो म्हणून तुम्ही थेट भाता (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा काळा पडदा) बदलायला निघालात, जरा थांबा. पट्टा फ्रेमबाहेर, फिल्मच्या कोऱ्या कडेपर्यंत गेलाय का? गेला असेल तर उजेड मागच्या दारातून, लाल खिडकीतून (मागे फ्रेमचा नंबर दिसतो ती) किंवा सैल गुंडाळलेल्या रोलमधून येतोय. भात्यातला उजेड चौकटीतच अडतो.

माझ्याकडे भाताच दोषी निघाला. रात्री दिवे घालवून आत मोबाईलचा टॉर्च ठेवला, तर घड्यांच्या कोपऱ्यांवर चक्क चांदण्या! काळा फॅब्रिक पेंट टूथपिकने दोनदा लावला. वाळेपर्यंत भाता उघडाच ठेवा, नाहीतर घड्या चिकटतात (हे मी एकदा केलंय). इन्सुलेशन टेप मात्र नको, कॅमेरा नीट मिटत नाही.