संगणकाचे शब्द कुठे अडतात, कसे सुटतात : खानदेशातून आलेले अनुभव

धागा काढणाऱ्याकडून

वर्गात संगणकाच्या शब्दांची यादी पाठ होते, परीक्षेत मार्कही पडतात. पण फॉर्म भरायला बसलं की ‘फोटो साइज जास्त आहे’ एवढ्यावर काम अडून राहतं. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत जे रोज हे काम करतात त्यांना विनंती आहे. तुमच्याकडे येणारा माणूस कोणत्या शब्दाला अडतो, त्यामुळे काय बिघडतं आणि ते सुटतं कसं, तेवढं लिहा. आकडे, बटणं, पायऱ्या द्या. व्याख्या पुस्तकात आहेतच.

जळगाव, ऑनलाइन फॉर्म भरण्याचं काम

‘साइज’ हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी येतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. पिक्सेल म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, केबी म्हणजे फाइलचं वजन आणि सेंटिमीटर म्हणजे कागदावरचं माप. बँक भरतीच्या आयबीपीएस फॉर्मचं उदाहरण घ्या. फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात, आणि खालची मर्यादाही मर्यादाच आहे. १२ केबीचा फोटो ‘छोटा आहे, चालेल’ म्हणून टाकला तरी तो नाकारला जातो.

क्रम असा ठेवा. आधी क्रॉप करून चेहरा २०० ला २३० या प्रमाणात आणा. मग रिसाइज करा (पेंटमध्ये कंट्रोल आणि डब्ल्यू), त्यात ‘पिक्सेल्स’ निवडा. शेवटी जेपीजी करताना क्वालिटी कमीजास्त करून केबी बसवा. आधी रिसाइज केलं तर चेहरा चपटा किंवा लांबट होतो. तीच जेपीजी फाइल पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह केली तर प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो, म्हणून मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दर वेळी त्याच्यावरूनच सुरुवात करा.

डीपीआय हा छपाईचा शब्द आहे, कागदाच्या एका इंचात किती ठिपके ते. पासपोर्ट फोटो ३.५ × ४.५ सेंमी आणि ३०० डीपीआय म्हटलं, तर ३.५ भागिले २.५४ गुणिले ३००, म्हणजे ४१३ पिक्सेल रुंदी. तशीच उंची ५३१. फॉर्ममध्ये अपलोड करताना पिक्सेल आणि केबी बघा.

धुळे, प्रेस आणि डीटीपी

वरच्या हिशोबाला छपाईची बाजू जोडतो. लग्नपत्रिकेसाठी लोक व्हॉट्सॲपवरून देवाचा फोटो पाठवतात. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते. ए४ कागदभर चित्र ३०० डीपीआयने छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. फ्लेक्सला इतकी बारकी लागत नाही, तो लांबून बघायचा असतो. १० × ४ फुटांच्या बॅनरला ७२ डीपीआय धरले तर ८६४० × ३४५६ पिक्सेल पुरतात.

आरजीबी हे पडद्यावरच्या प्रकाशाचे तीन रंग, सीएमवायके ही छपाईची चार शाई. मोबाइलवर लखलखणारा पोपटी किंवा निळा कागदावर मळकट उतरतो, कारण तेवढा झगझगीत रंग या चार शायांत बसत नाही. पत्रिका पास करून घ्यायच्या आधीच फाइल सीएमवायकेत बदलून दाखवा. बारीक काळा मजकूर फक्त ‘के’ (काळी शाई) १०० टक्के ठेवा. चारही शायांचा काळा केला आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षराभोवती रंगीत कड दिसते.

फाइल दुसरीकडे छापायला द्यायची असेल तर कोरलमध्ये अक्षरं निवडून कंट्रोल आणि क्यू दाबा, म्हणजे ती कर्व्ह होतात आणि फॉन्ट नसला तरी बिघडत नाहीत. पण नंतर त्यात नाव दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्व्ह न केलेली प्रत आपल्याजवळ राहू द्या.

चाळीसगाव, मराठी टायपिंग वर्ग

फॉन्टचा विषय निघालाच आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेलं असायचं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. जुना मजकूर नुसता फॉन्ट बदलून युनिकोड होत नाही, कन्व्हर्टरमधूनच काढावा लागतो. त्यानंतर रफार, ‘ऱ्य’ आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच सापडतात.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज इथे मराठी जोडा. विंडोज बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘खानदेश’ असं उमटतं : शिफ्ट धरून के, मग ई, व्ही, ओ, एस, शेवटी शिफ्ट धरून एम. उच्चाराच्या क्रमाने टाइप करायचं. ‘किती’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. टाइपरायटरवर हात बसलेले लोक वेलांटी आधी मारतात आणि ती आधीच्या अक्षराला चिकटते.

आपल्याकडच्या अर्जांत सगळ्यात जास्त चुकणारा शब्द ‘शेतकऱ्यांची’. साधा र (जे), हलन्त (डी), य असं दाबलं तर ‘शेतकर्यांची’ होतं, रफार वर जाऊन बसतो. तिथे शिफ्ट धरून जे, मग डी, मग य (उजव्या शिफ्टशेजारची तिरप्या रेघेची कळ) दाबा. विद्यार्थ्यांकडून ‘साऱ्या’, ‘दऱ्या’, ‘चाऱ्या’ आणि त्यांच्या जोडीला ‘सूर्य’, ‘कार्य’ असं आलटून पालटून लिहून घ्या. फरक बोटांत बसतो.

‘कॅरेक्टर लिमिट’ मराठीत वेगळी लागते. ‘श्रीकृष्ण’ दिसायला तीन अक्षरं, पण संगणक नऊ मोजतो : श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त, ण. पत्त्याचा रकाना लवकर भरतो तो यामुळे. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, मराठीचा ७० चा. ७१ वं अक्षर पडलं की दोन एसएमएसचे पैसे.

अमळनेर, शाळेच्या कार्यालयातलं काम

एक्सेलमधला ‘फॉरमॅट’ हा शब्द समजून घ्या, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. त्याच्यावाचून मुलांच्या शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात.

आधार क्रमांक १२ अंकी. जनरल फॉरमॅटच्या सेलमध्ये टाकला की १.२३४५७ई+११ असं काहीतरी दिसतं. घाबरू नका, आकडा आत शाबूत आहे. फॉरमॅट नंबर करा, डेसिमल शून्य ठेवा, पूर्ण दिसेल. बँक खात्याचं मात्र तसं नाही. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नेमका धरतं. १६ अंकी खातं टाकलं तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि मग फॉरमॅट बदलून तो परत येत नाही. खात्याच्या सुरुवातीची शून्यंही उडतात. उपाय एकच, टाइप करायच्या आधी अख्खा कॉलम निवडून फॉरमॅट सेल्समध्ये ‘टेक्स्ट’ करायचा. एखादाच आकडा असेल तर त्याच्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाका.

जन्मतारखेत दुसरी गडबड. ०५/०६/२०१४ ही पाच जून की सहा मे, हे विंडोजच्या रीजन सेटिंगवर ठरतं. अमेरिकेचं सेटिंग राहिलेलं असेल तर १३ तारखेपासून पुढच्या तारखा एक्सेलला कळतच नाहीत, त्या साधा मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटतात. खऱ्या तारखा उजवीकडे असतात. कॉलमवर नजर टाकली तरी बिघाड ओळखता येतो. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ करा आणि नोंदी नव्याने घ्या, कारण आधी उलट्या गेलेल्या तारखा आपोआप सुलट होत नाहीत.

मराठी नावांची यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून हवी असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, साध्या सीएसव्हीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि सीएसव्ही डबल क्लिकने उघडू नका. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ने आणून कॉलमला टेक्स्ट ठरवा, नाहीतर शून्यं पुन्हा उडतील.

साक्री, अहिराणी गाण्यांचं एडिटिंग

आमच्या कामात एमपी४ या शब्दाचा गैरसमज फार. एमपी४ हा नुसता डबा आहे, आतला व्हिडिओ कोणत्या कोडेकने (व्हिडिओ दाबून बांधायच्या पद्धतीने) बांधलाय ते वेगळं. एच.२६४ बहुतेक टीव्हीवर चालतो, एच.२६५ जुन्या टीव्हीवर अडतो, फक्त आवाज येतो नि पडदा काळा. फाइलचं नाव बदलून एव्हीआयचं एमपी४ केलं म्हणजे डब्याचं झाकण बदललं, आतली भाजी तीच. फॉरमॅट खरंच बदलायचा तर एक्स्पोर्ट किंवा कन्व्हर्टच करावं लागतं.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाला किती डेटा खर्च होतो ते. ८ एमबीपीएसने एक्स्पोर्ट केलं तर मिनिटाला ६० एमबी, पाच मिनिटांच्या गाण्याला ३०० एमबी. कॅमेऱ्यात ५० एमबीपीएसने शूटिंग असेल तर तासाला साडेबावीस जीबी. हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या शूटिंगला कार्ड किती लागतील ते यावरून काढा.

मांडवातल्या दिव्यांमुळे व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवला की बहुतेक वेळा पट्टे थांबतात. मोबाइलवर ३० फ्रेमने काढलेलं आणि कॅमेऱ्यावर २५ ने काढलेलं एका टाइमलाइनवर टाकलं तर नाचाच्या हालचाली अडखळतात, सगळ्यांनी आधीच एक आकडा ठरवा. आवाज ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, व्हिडिओला तोच लागतो.

वरच्या प्रतिसादाला जोडून : पाचोरा, फोटो स्टुडिओ

पेनड्राइव्हवर लग्नाची फाइल जात नाही, जागा मात्र रिकामी दिसते, ही तक्रार कायमची. कारण पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. आतला डेटा दुसरीकडे काढून घ्या, मग राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, त्यांच्यासाठी फाइलचे तुकडे करा. आणि ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ५९.६ जीबी दिसतात ती फसवणूक नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

भुसावळ, संगणक दुरुस्ती

‘मेमरी फुल’ म्हणजे रॅम की स्टोरेज, ते आधी बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय, फोटो डिलीट करून फरक पडणार नाही. डिस्क १०० टक्क्यांवर अडकून असेल आणि संगणकात जुनी हार्डडिस्क असेल तर एसएसडी टाकल्याने सगळ्यात जास्त फरक जाणवतो.

‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ एक नाहीत. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही सिस्टिमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत लोड होतो. अडकलेला प्रिंटर किंवा ड्रायव्हर सोडवायचा तर रीस्टार्टच करा.

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, व्हायरस नसतो. पंखा आणि हीटसिंकमधली धूळ काढा. यूपीएसवर लिहिलेले ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत, साधारण ३६० वॅट धरा. लेझर प्रिंटर त्याला कधीच जोडू नका. गरम होताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन संगणकही बंद पडतो. रॅममधलं काम वीज गेली की गेलंच, म्हणून कंट्रोल आणि एस दाबायची सवय ठेवा.

शहादा, मोबाइल आणि नेट

इंग्रजीत लिहिताना छोटा बी (Mbps) म्हणजे बिट, मोठा बी (MB) म्हणजे बाइट, आठ बिटांचा एक बाइट. ४० एमबीपीएसचं कनेक्शन सेकंदाला ५ एमबी उतरवतं. दीड जीबीची फाइल तरीही पाच मिनिटं घेणारच. हॉटस्पॉट दुसऱ्या फोनला दिसत नसेल तर बँड ५ वरून २.४ गिगाहर्ट्झवर आणा, जुने फोन ५ पकडत नाहीत. सातपुड्याच्या बाजूला रेंज जाणारच असेल तर व्हिडिओ निघण्याआधी डाउनलोड करा.

रावेर, सातबारा आणि शेतकरी योजनांची कामं

डिजिटल सही ही फाइलच्या आत असते. पीडीएफचा स्क्रीनशॉट काढला, किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं, की सही गेली, चित्र तेवढं उरलं. बँकेला मूळ डाउनलोड केलेली फाइलच पाठवा. संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर सहीवर क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, ट्रस्ट टॅब, ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स, ओके, मग व्हॅलिडेट सिग्नेचर. हिरवी खूण येते. ही पायरी करण्याआधी ती फाइल सरकारी संकेतस्थळावरूनच उतरवलेली आहे याची खात्री हवी.

संकेतस्थळाचा पत्ता पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत घ्या आणि तिथून उलटा, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर सरकारी. ‘गव्ह’ मध्येच कुठेतरी आणि शेवटी ‘डॉट टॉप’ किंवा ‘डॉट एक्सवायझेड’ असेल तर बंद करा. कुलपाची खूण फक्त एवढंच सांगते की वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे बसलेला कोण आहे, ते तिच्यावरून कळत नाही.

एपीके ही अँड्रॉइडमध्ये ॲप बसवणारी फाइल. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांनी ती व्हॉट्सॲपवर येते. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. बसवताना तिने एसएमएस वाचायची परवानगी घेतली की बँकेचा ओटीपी परस्पर जातो. चुकून बसवली असेल तर लगेच एअरप्लेन मोड लावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, मग ॲप काढा. अनइन्स्टॉलचं बटण दबत नसेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून त्या ॲपसमोरची खूण आधी काढा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. केळीचे पैसे टाकतो म्हणून कोणी क्यूआर स्कॅन करायला सांगितलं, तर तिथेच थांबा आणि खाते क्रमांक व आयएफएससी कोड द्या.