आठवीत ५क्ष + २ = २क्ष + १४ इथे गाडी अडते: संशोधनातलं वर्गात नेमकं काय वापरावं?

डिचोलीचा फळा:
आठवीचा वर्ग, तास ४० मिनिटांचा. बहुतेक मुलं मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमात आलेली. २क्ष + ३ = ११ सगळ्यांना सुटतं. ५क्ष + २ = २क्ष + १४ दिलं की निम्म्या वह्यांत ७क्ष = १६. शिवाय नेहमीच्या दोन चुका आहेतच: ३क्ष + ४ = ७क्ष आणि १० − (क्ष − ३) = ७ − क्ष. सराव वाढवला की चाचणीपुरतं सुधारतं, पुढच्या धड्यात पुन्हा तेच.
तराजूचं चित्र (समीकरणाच्या दोन बाजू म्हणजे दोन पारडी) वापरावं की नको, यावर दोन्ही बाजूंची मतं वाचली. हाताशी आठ तास आहेत. सुरुवात कुठून करावी?

मांडवीकाठ:
टीचर, समीकरणं तूर्त बाजूला ठेवा आणि पहिल्या तासाला दहा मिनिटांची लेखी तपासणी घ्या. गुण देऊ नका, उत्तरांचे गठ्ठे करा.

पहिला प्रश्न: ८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ आलं तर त्या मुलाला ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ एवढंच कळतं. १७ आलं तर दिसेल ते सगळं त्याने मिळवून टाकलं. हे आठवीला फार सोपं आहे असं समजून गाळू नका. फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर यांच्या १९९९ च्या लेखात अमेरिकेतल्या सहावीच्या १४५ मुलांचा निकाल आहे: एकूण एक मुलाने १२ किंवा १७ लिहिलं होतं. कॅरोलिन किरन यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की ‘=’ ला मुलं हुकूम समजतात, नातं समजत नाहीत. तुमच्या वह्यांत ५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२ अशी आगगाडी सापडली तर तोही तोच आजार.

दुसरा: ३७ + ५६ = ३९ + □, पण बेरीज न करता. ‘इकडे २ वाढले म्हणून तिकडे २ कमी’ हे तोंडी सांगता आलं पाहिजे. ५४ आलं, पण बाजूला ९३ ची कच्ची बेरीज दिसली, तर काम अर्धंच झालं आहे.

तिसरा: अ + ब = ८, तर अ + ब + क = ? हा डिट्मार क्युकेमान यांचा प्रश्न. १९७६ मध्ये इंग्लंडात १३ ते १५ वर्षांच्या सुमारे तीन हजार मुलांची चाचणी झाली, त्यातला. बरोबर उत्तर ८ + क. १२ लिहिणाऱ्याने तिन्ही अक्षरांना ४ वाटून टाकले. ८क लिहिणाऱ्याला मधलं बेरजेचं चिन्ह असलेलं उत्तर अपुरं वाटतं. तुमचा ३क्ष + ४ = ७क्ष वाला गठ्ठा बहुतेक इथेच सापडेल.

चौथा: २न मोठं की न + २? ‘२न, कारण गुणाकार’ असं आलं तर न ची किंमत बदलू शकते हेच अजून पोचलेलं नाही.

सत्तरीकर:
तराजूबद्दल. २क्ष + ३ = ११ आणि ५क्ष + २ = २क्ष + १४ यांत फरक फक्त लांबीचा नाही. पहिल्यात क्ष ला हातच लावावा लागत नाही: ११ मधून ३ काढा, २ ने भागा, उलट चालत गेलं की उत्तर. दुसऱ्यात माहीत नसलेल्या २क्ष वरच वजाबाकी करायची असते. फिलोय आणि रोहानो यांनी मेक्सिकोतल्या कामावरून (१९८९) हा सांधा दाखवून दिला. म्हणून पहिल्या प्रकारची पन्नास गणितं घालूनही दुसरा प्रकार आपोआप येत नाही. तुमच्या सरावाचं हेच होतं आहे.

तराजू वापरा, पण दोनच तास, आणि चिन्हं धन असतील तोवरच. बेल्जियममधल्या आठवीच्या वर्गांवर व्लासिस यांचा २००२ चा अभ्यास आहे. दोन्ही बाजूंना सारखीच क्रिया करायची हे तराजूमुळे मुलांच्या लक्षात राहतं, पण ऋण चिन्ह आलं की अडचणी सुरू होतात. साहजिकच आहे, −३क्ष पारड्यात कसं ठेवणार? तिथे फुगे, उलटी वजनं असली कसरत करू नका. चित्र सोडा, फक्त लेखन चालू ठेवा.

उदाहरणांचा क्रम असा ठेवा. तराजूवर ५क्ष + २ = २क्ष + १४. मग चित्राशिवाय ४क्ष − ३ = क्ष + १२. मग ६क्ष + १ = २क्ष + ४, कारण उत्तर ३/४ येतं आणि अंदाजाने उत्तर टिपणारे उघडे पडतात. शेवटी ७ − २क्ष = क्ष + १३, उत्तर −२. प्रत्येक ओळीखाली दोन्ही बाजूंना ‘−२क्ष’ अशी क्रिया वेगळ्या रंगाने लिहून घ्या.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे इतक्यात सांगू नका. ते ऐकलेली मुलं ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहितात, नाहीतर −३क्ष = १२ मधला ऋण वाटेतच सोडतात.

पदावली:
कंसाची चूक आणि ३क्ष + ४ ची चूक यांची मुळं अंकगणितात आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी यावरच काम केलं, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. राशी (उदा. १९ − ७ + ४) डावीकडून उजवीकडे क्रियांची यादी म्हणून न वाचता पदांची, म्हणजे चिन्हासकट तुकड्यांची, जुळणी म्हणून वाचायला शिकवायचं, अक्षरं येण्याआधीच.

वर्गात करायचं ते असं. १९ − ७ + ४ फळ्यावर लिहा. काही जण ८ सांगतील, कारण ७ + ४ आधी उरकून १९ मधून ११ घालवले. आता चिन्हासकट चौकटी करा: [+१९] [−७] [+४]. चौकटी कुठल्याही क्रमाने लावा, उत्तर १६ च. ५ + ३ × ४ मध्ये चौकटी दोनच: [+५] [+३ × ४]. दुसरी गुणाकाराची, ती फोडून ५ ला ३ चिकटवता येत नाहीत, म्हणून १७, ३२ नव्हे. मग न सोडवता विचारा: २७ − १८ + ३२ आणि ३२ − १८ + २७ सारखेच का? १८ − २७ + ३२ सुद्धा का नाही? चौकटी हातात बसल्या की [+३क्ष] [+४] समोर ठेवा. एका चौकटीत क्ष चे तीन पट, दुसरीत नुसते ४. एकत्र होणार नाहीत. सातवीच्या ‘गणित प्रकाश’ या नव्या पाठ्यपुस्तकात पदं याच रीतीने येतात, तिथली उदाहरणं आठवीला खुशाल उसनी घ्या.

कंसासाठी आधी आकडे. १० − (८ − ३) = ५. आता १० − ८ − ३ काढा: −१. मग १० − ८ + ३: ५. तीनही ओळी एकाखाली एक लिहिल्या की घालवायचे ८ नव्हते, ३ ने कमी होते, हे मुलंच सांगतात. त्यानंतर क्ष घाला आणि १३ − क्ष पर्यंत या.

एक विनंती: ‘३ आंबे आणि ४ काजू एकत्र होत नाहीत’ हे स्पष्टीकरण टाळा. त्या दिवशी पटतं, पण अक्षर म्हणजे वस्तू अशी गाठ बसते. पुढे आ × का आलं की आंबा गुणिले काजू म्हणजे काय? अक्षर नेहमी संख्येचं असू द्या: आ म्हणजे एका आंब्याचे रुपये.

पठारावरचा:
कॉलेजच्या बाजूने पुरवणी, कारण हीच मुलं पहिल्या वर्षाला (क्ष + ३)/(क्ष + ५) मधले क्ष खोडून ३/५ लिहितात आणि सीमा (लिमिट) काढण्याच्या धड्यात अडकतात. सूत्र विसरलेलं नसतं. (अब)² = अ²ब² डोळ्याला इतकं सहज बसतं की (अ + ब)² लाही तेच लागतं. कर्शनर आणि ऑट्री (२००४) यांनी नियमांच्या या दृश्य आकर्षणावर लिहिलं आहे. त्यावर एक प्रश्न सवयीचा करा: ‘या राशीत सर्वांत शेवटची क्रिया कुठली?’ बेरीज असेल तर खोडाखोड बंद.

दुसरं, किंमत घालून तपासणी. पण ०, १, २ चालणार नाहीत. अ = ० घेतलं तर (अ + ब)² = अ² + ब² खरं ठरतं, १ चा कुठलाही घात १ च, आणि २ + २ = २ × २. क्ष = ५ घ्या: ८/१० आणि ३/५, म्हणजे ०.८ आणि ०.६. √(अ² + ब²) साठी ३ आणि ४ घ्या: ५ की ७?

शाब्दिक उदाहरणांत मोठे विद्यार्थीही घसरतात. ‘एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ हे समीकरणात लिहायला जॉन क्लेमेंट यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० जणांना दिलं (१९८२). ३७ टक्के चुकले, आणि चुकलेल्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांनी ६व = प (व विद्यार्थ्यांची संख्या, प प्राध्यापकांची) असं उलटं लिहिलं. बेतूलच्या जेटीवरचं रूप द्या: प्रत्येक ट्रॉलरवर ३० खलाशी. ३०ट = ख की ३०ख = ट? आधी ट = ४ चा तक्ता भरून घ्या, अक्षरं मग.

डिचोलीचा फळा:
देव बरें करूं सगळ्यांना. तपासणी उद्याच घेते. सरावाचं काय करू? वीस गणितांचा गृहपाठ ठेवू की कमी?

मांडवीकाठ:
कमी, आणि जोड्यांत. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच दाखवलं की सोडवलेलं उदाहरण आणि लगेच तसंच न सोडवलेलं, असं दिलं की नवशिके नुसतं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा कमी वेळात आणि कमी चुकांनी पुढे जातात. चार जोड्या पुरे. तिसऱ्या जोडीत सोडवलेल्या उदाहरणाची शेवटची ओळ गाळा, चौथीत शेवटच्या दोन. एका जागी मुद्दाम ७क्ष = १६ ही चुकीची ओळ छापा आणि ‘कुठली चौकट कुणाला चिकटली?’ एवढंच विचारा. ज्यांना येतं त्यांना मात्र सोडवलेली उदाहरणं देऊ नका, त्यांच्यावर उलट परिणाम होतो. थेट अपूर्णांकाची द्या.

तासांची वाटणी: एक तपासणी आणि ‘=’, दोन चौकटी, एक कंस, दोन तराजू, दोन चित्राशिवाय.

सत्तरीकर:
तराजू दीड तासात संपतो. उरलेला अर्धा कंसाला द्या, तिथे कमी पडतोच.