टर्बिनियाचा पाठलाग का फसला?

प्रश्न: २६ जून १८९७ ला इंग्लंडमधल्या स्पिटहेडच्या नौदल संचलनात ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर (वाफेच्या झोताने फिरणाऱ्या चाकावर) चालणारी बोट अचानक घुसली आणि गस्तीच्या बोटींच्या हाती लागली नाही. जेमतेम ३१ मीटरची बोट ३४ नॉटपर्यंत (ताशी सुमारे ६३ किमी) पोचली ती फक्त टर्बाइनमुळे का? आणि त्या वेगात आत बसणं कसं असेल?

प्रतिसाद १: टर्बाइन हे अर्धंच उत्तर. १८९४ च्या चाचण्यांत टर्बाइन होतंच, तरी बोट २० नॉटच्या आत अडकली. प्रोपेलर इतका जोरात फिरे की पात्यांच्या पाठीवर दाब उतरून पाण्याची वाफ होई. त्या पोकळ्यांत पातं फिरलं की रेटा कुठून मिळणार? हेच कॅव्हिटेशन. बोट बनवणाऱ्या चार्ल्स पार्सन्सनी ते बंद टाकीत तपासलं. आतली हवा ओढून दाब उतरवला की छोट्या प्रोपेलरवर कमी फेऱ्यांतही पोकळ्या दिसतात. मग एकाच्या जागी तीन टर्बाइनं आली. वाफ उच्च दाबाच्या टर्बाइनमधून मध्यम आणि मग कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये जाते. प्रत्येकाला वेगळा शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा), प्रत्येक शाफ्टवर तीन प्रोपेलर. एकूण नऊ, त्यामुळे प्रत्येक पात्यावरचा भार उतरला. माझ्या मते खरा शोध इथे आहे.

प्रतिसाद २: सांगाडाही बघा. रुंदी फक्त २.७ मीटर, म्हणजे लांबीच्या बाराव्या हिश्शाच्या आसपास. साधारण बोट १.३४ गुणिले पाणरेषेच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीवरच्या, लांबीचं (फुटांत) वर्गमूळ, इतक्या नॉटांना स्वतःच्याच लाटेत अडकते. १०० फुटांना ती मर्यादा साडेतेरा नॉटही नाही. अरुंद, हलका सांगाडा लाट कमी उठवतो, म्हणून तो पुढे जाऊ शकतो. पाठलागाचा हिशोबही सोपा आहे: मागची बोट २० नॉटची धरली तरी अंतर मिनिटाला सुमारे ४३० मीटरनी वाढतं. मागे लागून उपयोग नाही, पुढच्या वाटेवर आधीच आडवं यावं लागतं.

प्रतिसाद ३: आत बसण्याबद्दल. वरखाली होणारे दट्टे (पिस्टन) नसल्यामुळे दट्ट्यांच्या इंजिनांचे हादरे इथे नाहीत. अडचण थांबण्याची. टर्बाइन उलटं फिरत नाही, म्हणून मधल्या शाफ्टवर मागे जाण्यासाठी वेगळं छोटं टर्बाइन बसवलं होतं. त्याचा जोर कमी, म्हणून बोट पटकन थांबवता येत नाही. नांगरलेल्या जहाजांच्या रांगांतून जाताना सुकाणूवरच भरवसा.

प्रश्नकर्ता: मग पुढे सगळ्यांनी नऊ प्रोपेलर का नाही लावले?

प्रतिसाद १: मोठ्या जहाजात शाफ्ट सावकाश फिरवता येतो. १९०६ च्या ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेला चार शाफ्ट, प्रत्येकी एकच प्रोपेलर. पुढे ‘व्हेस्पेशियन’ या जहाजावर पार्सन्सनी मधे गिअर घातले: टर्बाइन वेगात, प्रोपेलर सावकाश.