मधमाशी आणि गांधीलमाशी, दोन्ही पॉझिटिव्ह?? मदत हवी आहे

रानजाई: भावाला माशी चावली होती, त्याच्या अ‍ॅलर्जीच्या रक्तचाचणीचा रिपोर्ट आला. मधमाशी, गांधीलमाशी दोन्ही पॉझिटिव्ह. गांधीलमाशी त्याला जन्मात चावलेली नाही! लॅबने घोळ घातलाय का? शनिवारी गावी जायचंय, पडवीत पोळं आहे. लवकर सांगा.

तात्या_देवरुखकर: चुना लावा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

निशिगंध: तात्या, प्रश्न रिपोर्टचा आहे. रानजाई, चावल्यावर झालं काय होतं? नुसती सूज?

रानजाई: सूज कसली, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली, चक्कर येऊन पडला. काटा मीच नखाने काढला.

निशिगंध: हे आधी सांगायचं ना! काटा रुतून राहिला म्हणजे बहुधा मधमाशीच. लॅबचा घोळ असेलच असं नाही. दोन्ही विषांत हायलुरोनिडेज नावाचं प्रथिन असतं, बरंचसं मिळतंजुळतं. शिवाय विषातल्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात, तशाच वनस्पतींतही. त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी चाचणीत दिसतात, पण त्यांनी त्रास सहसा होत नाही. घटकनिहाय, म्हणजे विषातल्या एकेका प्रथिनाची चाचणी मागा: मधमाशीचं 'अपि एम १', गांधीलमाशीचं 'व्हेस व्ही ५'. ही दोन एकमेकांशी जुळत नाहीत.

मोहोळवाला: चाचणीतली मधमाशी युरोपियन मेलिफेरा असते. आपली आग्या, सातेरी तिच्याच गोतातल्या, विषही जवळचं. गांधीलमाशीचं तसं नाही, किटमधली जात आपल्या पडवीतली नव्हे. मी पेट्या ठेवतो, मला शेकड्यांनी चावल्यात, काही होत नाही. सवय झाली की जातं.

निशिगंध: तुमचं जात असेल. ज्याला चक्कर येऊन पडायला झालं त्याने सवय करायला जाऊ नये. विषाचे वाढते डोस देऊन करतात ती इम्युनोथेरपी डॉक्टरांच्या देखरेखीखाली असते, ३ ते ५ वर्षं. म्हणून तर विष नेमकं कोणाचं हे आधी ठरवायचं.

तात्या_देवरुखकर: चुन्याने उतरतं असं आमच्याकडे म्हणतात हो. आणि सातेरीचा मध मिळेल का?

मोहोळवाला: व्यनि (खाजगी निरोप) करा. रानजाई, पोळं मेणाचं की कागदासारखं?

रानजाई: राखाडी, कागदी. वाशाला लटकलंय.

मोहोळवाला: मग ती गांधीलच. धूर घालू नका, माणूस बोलवा, रात्री काढेल.

निशिगंध: आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत भावाला त्या पडवीत नको. जायचंच असेल तर अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन डॉक्टरांकडून लिहून आणि शिकून घ्या, मांडीत द्यायचं असतं. सेट्रिझीनच्या (अ‍ॅलर्जीच्या गोळीच्या) भरवशावर नको.

रानजाई: म्हणजे शनिवार रद्द. आईला कोण सांगणार?