आईचा थायरॉईड, बी१२ आणि पोट : मदत हवी आहे

नमस्कार. आई ५८ वर्षांची, ४ वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) ३.२ म्हणजे ठीक आलाय, पण बी१२ जीवनसत्त्व फक्त १४०, म्हणजे कमी. पोट तीन-तीन दिवस साफ होत नाही, अर्धी भाकरी खाल्ली की गच्च होतं. रात्री तळपायांना मुंग्या येतात, उठून पाय चोळत बसते. बघवत नाही हो.

गोळी ती सहाला उपाशीपोटी घ्यायची, पण तासाभरातच नाश्त्यासोबत कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या! चार तासांचं अंतर हवं, हे मला परवा कळलं.

आम्ही शाकाहारी, त्यामुळेही बी१२ कमी असेल, पण अँटी-टीपीओही (शरीरच थायरॉईडवर हल्ला करतंय का, हे दाखवणारी तपासणी) पॉझिटिव्ह आहे. मग तसाच हल्ला पोटावरही होऊन बी१२ शोषलंच जात नसेल का? अशी तपासणी कोणी केली आहे? इंजेक्शनांनी मुंग्या किती दिवसांत कमी झाल्या? आधी पोटविकारतज्ज्ञांकडे न्यावं की थायरॉईडच्याच डॉक्टरांकडे?